पापणी आली कुठून?

टायरच्या जुन्या गोदामात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. टायर जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण रबराचा वास काही गेला नव्हता. त्याच्यावर गुलाबपाण्याचे फवारे मारून मारून तिथे आता असा काही दरवळ तयार झाला होता, की नवा माणूस आत पाऊल टाकताच डोळे मिटायचा. बाकीचे समजायचे, ध्यान लागलं.

समोर चौथऱ्यावर पापणीबाबा बसले होते. माणसाच्या शरीरात इतके अवयव, पण बाबांनी त्यातला एकच आपल्या ताब्यात घेतला होता, आणि तोही सगळ्यात पातळ. मोतीबिंदू नाही, चष्म्याचा नंबर नाही, नुसती पापणी. लोंबणारी, सुरकुतलेली, खाली ओघळलेली किंवा फोड आलेली पापणी घेऊन या आणि नवी घेऊन जा.

"बाळांनो," बाबा माइकमध्ये कुजबुजले, तरी मागच्या भिंतीचा पत्रा थरथरला. "डॉक्टर काय करतो?"

"कापतो!" गर्दी ओरडली.

"आणि मी काय करतो?"

"झाकता!"

इतकं खरं बोलणारा बाबा आणि इतकं खरं ऐकूनही टाळ्या वाजवणारे लोक, असा योग क्वचितच येतो.

तिसऱ्या रांगेत बाइंडरकाकू बसल्या होत्या. यजमानांचं बुकबाइंडिंगचं दुकान, म्हणून गल्लीत त्या बाइंडरकाकू आणि ते बाइंडरकाका. काकूंच्या उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर एक फोड होता. वर्षभर तो भरत नव्हता आणि जातही नव्हता. खपली धरायची, खपली पडायची, रक्ताचा ठिपका यायचा. काकूंना तिथे आणलं होतं नणंदेनं. नणंदबाई काकांची धाकटी बहीण, आणि बाबांचं जुनं गिऱ्हाईक. भक्त म्हणायला हवं, पण दारातली दक्षिणेची कापडी पिशवी बघितली की दुसराच शब्द तोंडात यायचा. बाबा स्वतः पैशाला हात लावत नसत. पिशवी लावायची.

"वहिनी, माझ्या डोळ्यांकडे बघ," नणंदबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "खालच्या पिशव्या गेल्या की नाही? दहा वर्षांनी लहान दिसते की नाही?"

"दिसता खऱ्या," काकू म्हणाल्या. "पण वन्सं, तुम्ही अशा दात आवळून का बोलताय?"

"नियम आहे. हसायचं नाही, रडायचं नाही, तोंडाला पाणी लावायचं नाही. नाहीतर पापणी उतरते."

"आणि जांभई?"

"जांभई म्हणजे शंका. तीही नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू आलं तर नियम सुरू व्हायच्या आधीच मोडला असता.

खरं तर त्या महिन्यात काकूंचं ऑपरेशन व्हायचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोडाचा कण काढून तपासला होता आणि आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "हा कॅन्सर आहे. लांब पळणारा नाही, पण जिथे बसतो तिथलं खात जातो. आत्ता काढला तर डोळा वाचतो. उशीर केला तर डोळ्यापर्यंत पोचेल. खालची पापणी अर्ध्याहून जास्त काढावी लागेल आणि मग नवी बांधायची."

"नवी? ती कुठे मिळते?" काकांनी विचारलं. पापणी म्हणजे जणू सायकलचं पॅडल.

"यांच्याच तोंडात. वरच्या दातांमागे टाळू असते ना, तिथला छोटा तुकडा घ्यायचा आणि पापणीच्या आतल्या बाजूला लावायचा."

काका काकूंकडे बघायला लागले आणि काकू डॉक्टरीणबाईंकडे.

"दुसरं काही नाही का?" काकांनी विचारलं.

"आहे की. कानाची कूर्चा वापरतात. दान केलेल्या डोळ्याचा पांढरा भाग वापरतात. बाळंतपणात वार पडते, तिच्यावरचा पातळ पापुद्राही डोळ्याच्या कामाला येतो. पण यांना टाळू बरी."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काका म्हणाले, "तोंडातलं डोळ्यात! उद्या गुडघ्याचं कानात लावतील. अगं, हे ऐकल्यावर तो बाबाच शहाणा वाटायला लागलाय."

काकूंनाही तसंच वाटलं, हे कबूल करायला हवं. खरी गोष्ट अशी काही विचित्र होती, की तिच्यापुढे खोटी अगदी घरची वाटत होती. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली आणि दोघं गोदामात आली.

"पुढची माउली!" माइकवाल्यानं हाक मारली.

काकू चौथऱ्यावर गेल्या. बाबांनी आपली मूठ आकाशाकडे नेली आणि हळूहळू उघडली. तळहातावर एक पातळ, ओला, दुधी रंगाचा पापुद्रा होता. गर्दीनं श्वास रोखला.

"बाबा, हे कुठून आलं?" काकूंनी आपलं सहज विचारलं.

बाबांनी एक बोट वर केलं. वर गोदामाचं छत होतं, छताला चार मोठे पंखे होते.

पापुद्रा गार लागला. बाबांनी तो फोडावरून, पापणीवरून थेट गालापर्यंत बोटानं सपाट बसवला. "डोळे मिटा. नाम घ्या. पंखे!" चारी पंखे सुरू झाले. "ही कृपेची झुळूक आहे, बाळांनो!" नामस्मरण बराच वेळ चाललं. काकूंना जाणवलं की पापणी कुणीतरी बारीक चिमटीत धरून ओढतंय. मग आरसा आला. ओघळलेली पापणी ताणून बसली होती, आणि फोड दिसत नव्हता.

टाळ्या कडाडल्या. काका मात्र टाळी वाजवण्याआधी चष्मा पुसून काकूंच्या डोळ्याजवळ वाकले. चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेला माणूस. कुठल्याही कव्हरवर कुठे जोड आहे, कुठे गोंद सुटलाय, हे त्यांच्या बोटाला कळायचं. त्यांनी निरखून बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"जोड नाही," ते म्हणाले. "शिवण नाही. बाबा, मी जन्मभर कडा बघत आलो. हे माणसाच्या हातचं काम नाही."

बाबांनी मान लववली. ते वाक्य त्याच संध्याकाळी गोदामाबाहेरच्या फलकावर चढलं.

त्यानंतर घराची कळाच गेली. काकूंना हसायची बंदी, म्हणून काका विनोद करेनात. रडायची बंदी, म्हणून कांदा काका चिरायला लागले आणि रडायचं काम त्यांच्याकडे गेलं. दर रविवारी जुना पापुद्रा काढून नवा बसवायचा, तेव्हा बाबा काकूंचे डोळे मिटून घ्यायला लावत आणि वर पांढरा रुमाल धरत. "जुनी पापणी बघू नये, दृष्ट लागते." एकदा पापुद्र्याचा कोपरा मधेच सुटला, तर बाबा म्हणाले, "श्रद्धेत ओल राहिली." काकूंना मात्र आत काहीतरी ठणकायला लागलं होतं. काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मुरतंय."

मग एका सकाळी काकू नाश्त्याला उकडलेली अंडी सोलत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं. कवचाखालचा पातळ पापुद्रा बोटाच्या पेराला चिकटला, आणि त्या खिडकीजवळ तशाच उभ्या राहिल्या. जरा वेळानं पेर ओढल्यासारखं वाटायला लागलं. काकूंनी बोटाकडे बघितलं. पापुद्रा सुकून कातडीला घट्ट बसला होता. पेरावरच्या सुरकुत्या नाहीशा झाल्या होत्या.

मग त्यांनी एक कच्चं अंडं घेतलं, फोडलं, कवचाच्या आतून पापुद्रा अलगद सोडवला. त्याला पांढऱ्या बलकाचा चिकटपणा होताच. बाहेर काका खुर्चीत घोरत होते. त्यांची डावी पापणी वयानं चांगलीच खाली आली होती. काकूंनी पापुद्रा तिच्यावर बसवला आणि पंखा पाचवर केला.

"अगं! कुणीतरी डोळा ओढतंय!" काका दचकून उठले.

काकूंनी आरसा पुढे केला. काकांनी बघितलं. पापणी वर ताणली होती. पापुद्र्याला कड नाही, जोड नाही, शिवण नाही. ते खुर्चीतून खाली उतरले आणि चक्क काकूंपुढे हात जोडून उभे राहिले.

"तुझ्या हातात शक्ती आली! बाबांची कृपा तुझ्यात उतरली!"

"अहो, कसली कृपा आणि कसलं काय, हे तर..." काकू बोलता बोलता थांबल्या. नवरा चाळीस वर्षांचा ओळखीचा होता. चार भिंतींत सांगितलेलं त्याच्या एका कानातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर येतं, आणि चारचौघांत घडलेलं त्याला जन्मभर पुरतं. "हे तर रविवारी सगळ्यांसमोर करून दाखवायला हवं," त्यांनी वाक्य पुरं केलं.

काकांनी गल्लीभर सांगितलं. रविवारी गोदामात त्यांनी स्वतः माइकवाल्याकडून माइक ओढून घेतला. "भक्तहो! बाबांनी माझ्या बायकोला शक्ती दिली आहे! ती आज नवी पापणी प्रकट करणार!"

बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुरकुती उमटली. पण गर्दीनं जयजयकार केला होता, आणि जयजयकाराला नाही म्हणायची बाबांना सवय नव्हती.

काकू चौथऱ्यावर आल्या. त्यांनी काकांना पहिल्या खुर्चीत बसवलं. मग पिशवीतून वाटी काढली आणि अंडं काढलं. टक्कन फोडलं. गोदामात इतकी शांतता पसरली, की बलक वाटीत पडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

"हे कवच," काकू माइकमध्ये म्हणाल्या. "हा त्याच्या आतला पापुद्रा. आणि हा आमच्या यांचा डोळा. पंखे लावा हो!"

पंखेवाल्यानं सवयीनं चारी बटणं दाबली.

"आता नाम घ्या. नाम नाही घेतलं तरी चालेल, पण पंख्याला वेळ हवा."

लोकांनी नाम घेतलं. हळूहळू काकांची पापणी वर सरकली. पुढच्या रांगेतली एक बाई "माउली!" म्हणत काकूंच्या पाया पडायला धावली.

"माझ्या कसल्या पडता? पडायचं तर कोंबडीच्या पाया पडा," काकू म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुमचं अगदी बरोबर होतं बरं का. माणसाच्या हातचं काम नाहीच हे."

काका खुर्चीत तसेच बसून राहिले. एक पापणी वर, एक खाली.

बाबा सावरले. बाबांचं निम्मं आयुष्य सावरण्यातच गेलेलं. "बाळांनो!" त्यांनी हात उंचावला. "अंडं म्हणजे काय? ब्रह्मांडातही अंडं आहे! मी कधी म्हणालो की अंडं नाही?"

"तुम्ही बोट वर केलं होतं," काकू म्हणाल्या. "वर पंखा होता. तेवढं खरं होतं."

आणि तेव्हा जे झालं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. नणंदबाई हसल्या. कित्येक महिने दाबून ठेवलेलं हसू एकदम फुटावं तसं फुटलं. त्या एका हातानं पोट धरून आणि दुसऱ्यानं गुडघ्यावर थापट्या मारत हसत सुटल्या, आणि हसता हसता त्यांच्या दोन्ही डोळ्यांखालचे पापुद्रे तडकले, सुटले, आणि वाळक्या पानांसारखे गालांवर लोंबायला लागले. ते बघून शेजारचा हसला, त्याचाही पापुद्रा सुटला. मग रांगच्या रांग. बाबांची निम्मी कमाई त्या दिवशी फरशीवर गळून पडली.

"हसून झालं?" काकूंनी विचारलं. त्यांनी ओल्या रुमालानं स्वतःच्या डोळ्याखालचा पापुद्रा भिजवला आणि सोलून काढला. "मग आता हे बघा."

आधीचा फोड मुगाच्या दाण्याएवढा होता. आता पापणीच्या काठाला खड्डा पडला होता आणि तो डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकला होता. रुमालामागे लपलेलं ते काका पहिल्यांदाच बघत होते. नणंदबाईंचं हसू जागच्या जागी विरलं.

"अहो," काकू हळू आवाजात म्हणाल्या, पण माइक चालूच होता. "कसर लागलेलं पुस्तक दुकानात आलं, तर त्याच्यावर नवा कागद चिकटवून देता का तुम्ही?"

काकांचे ओठ हलले. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिला धडा हाच द्यायचे. वरून कागद चिकटवला की कसर आत निवांत खाते. आधी खाल्लेलं पान काढा, किड्याचा मागमूस राहिला नाही ना ते बघा, मगच नवा कागद जोडा. दुसऱ्याच्या फाटक्या ग्रंथासाठी जे त्यांनी कधी केलं नव्हतं, ते स्वतःच्या बायकोच्या डोळ्यावर केलं होतं. आणि वर टाळ्या वाजवल्या होत्या.

"नाही," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या पापणीवरचा पापुद्रा ओरबाडून काढला. "ऊठ. दवाखान्यात जाऊ."

"आज रविवार आहे."

"मग दारात बसू."

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी तपासलं. रागावल्या नाहीत, पण पेन जरा जोरात ठेवलं. "उशीर झालाय. फार नाही. आता पापणी जवळजवळ पूर्ण जाईल, पण डोळा वाचेल असं मला वाटतं."

"थांबा," काकू म्हणाल्या. एकदा पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. "पापुद्रा तिकडेही होता, पापुद्रा तुमच्याकडेही आहे. फरक काय? तुमची पापणी कुठून येते, ती का धरते, आणि नाही धरली तर काय, हे सगळं सांगा. मगच सही."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "अंड्याचा पापुद्रा वरून चिकटतो आणि सुकताना आकसतो, म्हणून कातडी ओढली जाते. पाणी लागलं, तोंड हललं, की सुटला. तो तुमच्या शरीराचा होत नाही. पापणीला दोन थर असतात. आतला ओला आणि मऊ, कारण तो बुबुळावर फिरतो. बाहेरचा कातडीचा. आत साधी कातडी लावली तर तिच्यावरची बारीक लवही डोळ्याला घासत राहील. टाळू मुळातच ओली, शिवाय जराशी ताठ, फारशी आकसत नाही. म्हणून आत टाळू."

"आणि बाहेर?"

"गालाची कातडी सरकवून आणायची. तोडायची नाही, मुळाशी जोडलेली ठेवायची, म्हणजे तिच्यातून रक्त येत राहतं. टाळूचा तुकडा त्या रक्तावर जगतो. दोन्ही थर तोडून आणले तर दोन्ही मरतात."

"म्हणजे अस्तर आणि कापड," काका पुटपुटले. "आणि आधी किडकं पान काढायचं."

"तेच. काढलेल्या भागाच्या कडा तपासायच्या. त्या स्वच्छ निघाल्या की मगच जोडकाम."

"आणि फसलं तर?" काकूंनी विचारलं.

"काही दिवस तोंड दुखेल, गिळताना मला शिव्या द्याल. नव्या पापणीला केस येणार नाहीत. रंगात थोडा फरक राहील. कधी कधी तुकडा धरत नाही, मग पुन्हा करावं लागतं."

"बाबांनी असलं काही सांगितलं नव्हतं."

"त्यांचं कधी चुकतच नाही ना. चुकते ती तुमची श्रद्धा. माझं चुकू शकतं, म्हणून मी आधी सांगते."

काकूंनी सही केली.

ऑपरेशन झालं. काकू कितीतरी दिवस गार पेज पीत राहिल्या, आणि काका कांद्याशिवायही रडत राहिले. टाळूचा तुकडा धरला. पापणीला केस नाहीत, रंग जरा फिका आहे, हसल्यावर एका कोपऱ्यात किंचित ओढल्यासारखी दिसते. पण ती मिटते, उघडते, आणि तिच्यावरचा डोळा सुईत दोरा ओवतो. बाबा आता गोदामात नाहीत. दुसऱ्या एका गावात ते घोट्याचं दुखणं बरं करतात, असं ऐकू येतं. पापणीकडून घोट्याकडे उतरण झाली म्हणायची.

म्हणून सांगायचं ते इतकंच. जग चमत्कारिक नाही असं नाही. तोंडाचा तुकडा डोळ्यात जगतो, यापेक्षा नवल ते कुठलं? पण खरं नवल आपलं मूळ सांगतं. कुठून आलं, कसं धरलं, कधी फसेल, हे सांगताना ते चिडत नाही. खोटं नवल नुसतं बोट वर करतं. तेव्हा हात जोडायच्या आधी एकदा विचारा, की हे आलं कुठून? आणि कुणी बोट वर केलं, तर वर बघून पंखा मोजा.

परवा गल्लीच्या कोपऱ्यावर एका नव्या शेजारणीनं काकूंना थांबवलं. "काकू, ऐकलं ते खरं का? तुम्हाला नवी पापणी मिळाली? कुठून आली हो?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली, मान मागे टाकली, तोंड हे एवढं आ करून उघडलं, आणि आत बोट दाखवलं.

"इथून," त्या तशाच म्हणाल्या. "नीट बघा. हवं तर बॅटरी आणा."